ट्रंकेवरचा हात

गाणं संपलं की माणसं एकदम एकटी पडतात, हे स्वप्नाच्या लक्षात आलं ते सत्त्याण्णव सालच्या जयंतीला.

पलूसजवळच्या त्यांच्या मूळ गावात चौदा एप्रिलची मिरवणूक निघाली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कर्णे, जनरेटर आणि एक जुना टेपरेकॉर्डर. गाणं संपायचं, कॅसेट खरखरायची आणि दुसरं सुरू होईपर्यंत नाचणाऱ्यांचे हात तसेच वर राहायचे. कुणी पाणी मागायचं, कुणाला घरी उघडं राहिलेलं दूध आठवायचं, दोघंजण उगाच एकमेकांवर गुरकावायचे. गाणं पुन्हा सुरू झालं की सगळे पुन्हा एकमेकांचे व्हायचे. त्यातलं एक गाणं तर नेमकं चावडीसमोर संपलं. तिथली ती शांतता स्वप्नाला नुसती शांतता वाटली. तिच्या वडिलांना, धोंडिरामला, तसं वाटलं नाही. तो खाली मान घालून भराभर पुढं गेला.

सांगलीला परतताना एसटीत ती म्हणाली, "आप्पा, पुढच्या वर्षी मी अशी कॅसेट करणार, की मध्ये थांबायचंच नाही. समाजमंदिरापासून माळापर्यंत एकच एक."

धोंडिराम खिडकीतून पळणारा ऊस बघत होता. "बघू," तो म्हणाला. आयुष्यातले बहुतेक प्रश्न त्यानं याच शब्दावर तोलून धरले होते. विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्याची उभी नोकरी गेली. पुस्तकं द्यायची, घ्यायची, मधल्या वेळात वाचायची. माणसांशी बोलताना त्याला नेहमी वाटायचं, की आपण चुकीच्या पानावर आहोत. पुस्तकांशी तसं वाटायचं नाही.

पण पोरीनं नाद सोडला नाही. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू असताना तिनं चौकशा सुरू केल्या. पहिला माणूस मिळाला तो रोहन. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो शिकवायचा, आणि कॉम्प्युटरनं होत नाही अशी गोष्ट जगात आहे हे त्याला मान्यच नव्हतं.

"मशीन कशाला घेतेस?" तो म्हणाला. "सॉफ्टवेअर आहे की माझ्याकडं. गाणं आत घ्यायचं, पडद्यावर बघून कापायचं, दुसऱ्याला चिकटवायचं. हात लावायचं काम नाही."

"मला हातच लावायचाय," स्वप्ना म्हणाली.

मग कुणीतरी साताऱ्याच्या आकारामचं नाव सांगितलं. त्याचा ऑर्केस्ट्रा बंद पडला होता आणि सामान तो एकेक करून विकायला काढत होता. थंडीच्या एका सकाळी बाप-लेक साताऱ्याला गेले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उतरत्या बोळात आकारामची खोली होती. खोलीभर वायरी, मधोमध तो स्वतः मफलर गुंडाळून, आणि त्याच्यासमोर टेबलावर दोन मिक्सर. एक मोठा, काळा, दिव्यांचा. दुसरा लहान, पत्र्याचा, कडेला गंज चढलेला.

"मोठा घ्या की," आकाराम म्हणाला. "इको हाय, दिवं हायत. लग्नात लोकं गाणं ऐकत न्हाईत ताई, दिव्याकडं बघत्यात."

"आणि हा लहान?"

"शिकायला बरा. दोन टेप जोडायच्या, ही दांडी हिकडनं तिकडं सरकवली की एक गाणं जातंय, दुसरं येतंय. बाकी त्यात काय न्हाई बगा."

स्वप्ना दिव्यांकडं बघत होती. एकामागून एक हिरवे चढायचे आणि शेवटी तांबडा लुकलुकायचा. धोंडिराम दाराशी उभा होता. त्यानं दोनदा तोंड उघडून मिटलं. मग घसा साफ करून, जणू वाचनालयात मोठ्यानं बोलतोय अशा भीतीनं विचारलं, "यात... पुढचं गाणं आपल्याला आधी ऐकू येतं का? बाहेरच्यांना न कळता? म्हणजे कुठं शिरायचं ते कळेल."

आकारामनं मफलर खाली केला. "मोठ्यात ती सोय बिघडलीया. बारक्यात हाय, हेडफोन लावून." त्यानं धोंडिरामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी काय वाजवता वाटतं?"

"न्हाई, न्हाई." तो इतक्या घाईनं म्हणाला, की स्वप्नानं वळून बघितलं. "मी ग्रंथालयात होतो."

"आसं व्हय," आकाराम म्हणाला आणि हसू मफलरमध्ये दडवलं.

लहानच ठरला. त्याच्यासोबत दोन टेप, एक माईक आणि आकारामची शिकवणी फुकट. टेपच्या पाठीमागं त्यानं पाडलेलं बारीक भोक दाखवलं. आत मोटरचा स्क्रू. त्यात टेस्टर घालून केसभर फिरवला, की गाणं जरा रेंगाळतं किंवा जरा घाई करतं. "दोन गाणी म्हंजे दोन बैलं," तो म्हणाला. "चाल जुळंस्तवर एका जुवाला बांदायची न्हाईत. आनि रेकॉर्ड करून ऐकायचं. करताना समद्यांस्नी आपलं ग्वाडच वाटतंय. दुसऱ्या दिवशी ऐकलं की कळतंय."

परतीच्या गाडीत मिक्सर स्वप्नाच्या मांडीवर होता. धोंडिरामच्या गुडघ्यावर त्याची बोटं हलत होती. ती बघतेय हे लक्षात येताच त्यानं हात घडी घालून काखेत दाबले.

हे हात दाबणं जुनं होतं. धोंडिरामचे वडील, आबा, हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे वाजवायला लागायची. चावडीवरून हाक आली की ताटावरून उठायचं. दवंडी असो, वरात असो, साहेब येणार असो. हाताला सुख आहे का दुःख, कुणी विचारायचं नाही. छप्पन्न साल उलटलं, वस्तीनं धम्म घेतला. त्यानंतर पहिल्यांदा हाक आली तेव्हा आबा हलगी घेऊन गेले. ती त्यांनी चावडीच्या पायरीवर ठेवली, वळले आणि घरी येऊन राहिलेली भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून घरात कुणी ताटलीवरही बोट वाजवलं नाही. पोरांनी चुकून ठेका धरला तर आबा नुसते बघायचे. शाळेत जाणाऱ्या धोंडिरामला ते बघणं पुरायचं. पुस्तकं त्यानं त्याच बघण्याच्या ओझ्याखाली उचलली, आणि पुढं ती त्याला आवडायला लागली.

म्हणून लेकीनं मिक्सर मांडला, तेव्हा त्याला नेमकं काय वाटलं हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. एक मन म्हणायचं, ही हलगी नाही, हे शिक्षण आहे. दुसरं म्हणायचं, वायरी लावल्या म्हणून काय झालं?

फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी स्वप्नाचा सराव चालायचा. पुढच्या खोलीत टेबलावर मिक्सर, दोन बाजूंना दोन टेप, मागं रेकॉर्ड करायला घरातला जुना डेक. माईकला जागा नव्हती, तो धोंडिरामच्या खाटेशेजारच्या पत्र्याच्या ट्रंकेवर पडलेला असायचा. या ट्रंकेत एके काळी पुस्तकं असायची. ती कपाटात गेल्यावर ट्रंक अर्धी रिकामी होती. स्पीकर भिंतीकडं तोंड करून बारीक लावलेला, आप्पांची झोप मोडू नये म्हणून.

स्वयंपाकघरातून बायडाबाईचं चालायचं. "आवं, तुमची लेक सकाळधरनं गाणी घासतीया. भांडी कोन घासनार?"

"ऐकू येतंय आई!"

"येतंय न्हवं? मग ये की!"

सगळं जमलं, एक जागा सोडून. मिरवणुकीतलं पहिलं गाणं संथ होतं, चालत म्हणायचं. दुसरं नाचायचं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दर वेळी पाऊल चुकायचं. स्वप्ना स्क्रू फिरवायची, पेन्सिलीनं कॅसेट मागं गुंडाळायची, पुन्हा रेकॉर्ड करायची, ऐकायची आणि दात-ओठ खायची. खाटेवर धोंडिराम पुस्तक उघडून पडलेला असायचा. कुठं चुकतंय ते त्याला कळत होतं. पहिलं गाणं थकण्याआधी मध्ये कुणीतरी चाल उचलून धरायला पाहिजे होती. पण त्यातलं आपल्याला काय कळतंय, असं म्हणून तो पान उलटायचा.

अशाच एका दुपारी वारा पडला होता. बाहेर निलगिरीची पानंही हलत नव्हती. पुस्तक त्याच्या छातीवर पालथं पडलं. गाणं भिंतीकडून परतून येत होतं, लांबून, पाण्यावरून आल्यासारखं. त्याला वाटलं, आपण कृष्णेच्या काठानं चालतोय आणि गाणं पलीकडच्या तीरावर चाललंय. अंगण आलं. शेणानं सारवलेलं, ऊन खाऊन गरम झालेलं. मग त्याला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्नानं त्याला हाक मारली. तिचा चेहरा काहीतरी चोरून आणल्यासारखा होता.

"आप्पा, जमलं. ऐका."

तिनं हेडफोन त्याच्या कानावर चढवले. संथ गाणं चाललं होतं. ते संपत आलं, विरलं, आणि दर वेळी जिथं खड्डा पडायचा तिथं खड्डा पडला नाही. एक ठेका चालू होता. बोटांचा, पत्र्यावर, कोरडा आणि खोल. एकटाच. तो हळूच उठला, चाल वाढवली, एका जागी थबकल्यासारखा झाला, पुन्हा धावला, आणि त्याच्या पाठीवर बसून दुसरं गाणं आलं.

धोंडिरामचा हात टेबलाच्या कडेला गेला. त्याला धूळ दिसली. त्याला मनगट दिसलं, काळं, शिरा उठलेलं, त्यावर गोंदलेला विंचू.

"हे तुला कुठं मिळालं?" त्यानं विचारलं. "आबांचं कुणी कधी रेकॉर्ड केलं नव्हतं."

"आप्पा..."

"कुणी दिलं? गावातनं आणलंस?"

"आप्पा, हे तुम्ही आहात. तुम्ही झोपला होता. हात ट्रंकेवर होता आणि माईकची दांडी मी बंद करायची विसरले. मला वाटलं गाण्यातच आहे ते, म्हणून मी त्याच्यावर दुसरं गाणं सोडलं. आज ऐकल्यावर कळलं."

तेवढ्यात हेडफोनमध्ये, दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीलाच, बायडाबाईचा खणखणीत आवाज आला, "आवं, उठा, चा झाला!" शंका घ्यायला जागा राहिली नाही.

त्यानं हेडफोन काढून जपून टेबलावर ठेवले. "पुसून टाक," तो म्हणाला.

"पण का?"

"गावात वाजणार ना ती? पुसून टाक."

मग त्यानं सांगितलं. हलगीचं, पायरीचं, राहिलेल्या भाकरीचं. सांगताना तो तिच्याकडं न बघता कपाटाकडं बघत होता. "वस्तीतली जुनी माणसं ओळखतील. आबांनी जे ठेवलं, ते त्यांच्या पोरानं उचललं म्हणतील. त्यांनी ते सहज ठेवलं नव्हतं गं."

दारात बायडाबाई उभी होती, हाताला पीठ. "निजलेल्या मानसाच्या हाताला काय शिक्षा करनार हायसा?" ती म्हणाली आणि आत गेली.

स्वप्ना हट्टी होती, पण वडिलांच्या शब्दापुढं जाणारी नव्हती. तिनं ती कॅसेट बाजूला ठेवून पुन्हा सराव मांडला. चार-पाच दुपारी गेल्या. खड्डा होता तिथंच. एप्रिल उजाडला. गावातून निरोपावर निरोप, कॅसेट झाली का म्हणून. शेवटी ती रोहनकडं गेली आणि वडिलांनाही घेऊन गेली. "तुमच्यासमोरच काढते," ती म्हणाली. "उगाच मनात राहायला नको."

रोहननं ती जागा कॉम्प्युटरमध्ये घेतली. पडद्यावर आवाजाचे डोंगर उमटले. "काका, ही दाट रांग म्हणजे पहिलं गाणं, ही तिकडची दुसरं. आणि मधले हे तुम्ही."

मधले डोंगर बारीक होते. एकेकटे, टोकदार, माळावरच्या झाडांसारखे. धोंडिराम चष्मा पुढं-मागं करून बघत राहिला.

"हे काढतो आणि इथं मशीनचा ठेका घालतो. ऐका." रोहननं बटणं दाबली. ठेका आला. एकही ठोका इकडचा तिकडं नाही. दुसरं गाणं त्याच्यावर चोख बसलं.

"कसंय?" रोहननं विचारलं.

"चांगलं आहे," धोंडिराम म्हणाला. मग कानशिलं लाल करत म्हणाला, "पोलीस चालल्यागत वाटतंय थोडं."

स्वप्ना हसली नाही. ती त्याच्याकडं बघत होती.

"आधीचं परत दाखव," तो म्हणाला.

एकेकटी झाडं पुन्हा उभी राहिली. आता त्याला दिसलं, काही झाडांनंतर एका झाडाची जागा रिकामी होती. पुन्हा काही झाडं, पुन्हा रिकामी जागा. दर वेळी तिथंच. त्यानं बोट पडद्याजवळ नेलं, पण लावलं नाही.

"इथं एक ठोका गेलाय का?" रोहननं विचारलं. "चुकून?"

"चुकून न्हाई," धोंडिराम म्हणाला. तो कधी गावच्या बोलीत गेला, त्याला कळलं नाही. "तो सोडायचा असतो."

दवंडीला अशी जागा नव्हती. दवंडी सरळ असायची, ठोक्याला ठोका; हुकूम सांगायचा, परतायचं. साहेबापुढंही सरळच. ही रिकामी जागा त्यानं एकाच ठिकाणी ऐकली होती, घरच्या अंगणात, जेवणवेळेच्या आधी. आबा हलगी शेकून बघायचे आणि थोडं स्वतःसाठी वाजवायचे. एक ठोका मुद्दाम सोडायचे आणि थोरल्या लेकीकडं, मनुअक्काकडं बघायचे. मनुअक्का, परकर वर धरून नाचणारी सात-आठ वर्षांची पोर, बरोबर त्या जागी जमिनीवर पाय आपटायची. तिचा पाय म्हणजेच तो ठोका. धोंडिराम तेव्हा रांगत असेल, नाहीतर नुकता चालत असेल. हे त्याला आठवत होतं की अक्कानं सांगितलेलं होतं, कोण जाणे. पण हाताला आठवत होतं. निजेत हात चावडीकडं गेलाच नव्हता. तो अंगणात गेला होता.

"काका, डिलीट करू?" रोहनचं बोट बटणावर होतं.

क्लासमधला पंखा फिरत होता. धोंडिरामला वाटलं, आता 'बघू' म्हणावं. तो शब्द ओठांपर्यंत आलाही.

"नको," तो म्हणाला. "राहू दे."

"निदान काकूंचा आवाज तरी काढतो."

"राहू दे. सगळंच राहू दे."

स्वप्नानं खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला त्याचा हात धरला आणि लगेच सोडला, त्याला असलं चारचौघांत आवडत नाही म्हणून.

चौदा एप्रिलला ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. ट्रॉलीवर कर्ण्यांच्या मध्ये स्वप्ना बसली होती, गळ्यात हेडफोन, मांडीवर लहान मिक्सर. पांढऱ्या साड्यांचा एक थवा पुढं चालला होता. त्यात मनुअक्का, आता गुडघ्यांनी थकलेली, धोंडिरामच्या दंडाचा आधार घेऊन. तिला त्यानं काही सांगितलं नव्हतं. सांगायला गेला आणि उन्हाळ्याबद्दल बोलून परत आला होता.

चावडी जवळ आली. ठेका इथंच येईल, त्याला वाटलं. पायरी अजून तीच होती, मधोमध झिजलेली. पण संथ गाणं चालूच राहिलं. सगळी वस्ती ते म्हणत होती आणि म्हणत म्हणतच चावडी ओलांडून गेली. गाणं संपलं ते पुढं, पिठाच्या गिरणीपाशी, जिथं कधी काही घडलं नव्हतं.

कर्ण्यांतून तो ठेका बाहेर पडला. गिरणीच्या पत्र्यांवर आपटून परत आला, मोठा होऊन. कुणी थांबलं नाही. पाय चालत राहिले. पांढऱ्या पिठाची बारीक धूळ तिरप्या उन्हात तरंगत होती, आणि त्या धुळीतून माणसं अशी चालली होती, जशी नदीतून चालतात.

मनुअक्काची पकड दंडावर घट्ट झाली.

"धोंडू," ती म्हणाली. "आबा हाय ह्यो."

तो गप्प राहिला. भीतीनं नव्हे. बोलला असता तर ऐकायचं राहिलं असतं.

"कुनाचा हात हाय रं?"

त्यानं आपला उजवा हात तिच्यासमोर धरला, शाळेत नखं दाखवायला धरतात तसा. अक्कानं त्या हाताकडं बघितलं. मग कर्ण्यांकडं. ठेका धावला आणि जागेवर आला. रिकामी जागा उघडली. अक्कानं गुडघ्याची पर्वा न करता टाच जमिनीवर हाणली.

पुढच्या फेरीला तिच्या मागच्या दोघी-तिघींनी हाणली. त्यापुढच्याला सगळ्या थव्यानं. ट्रॉलीवर स्वप्नाचा हात दांडीवर थांबला होता. सरकवायचं काही नव्हतं, जोड कॅसेटमध्येच होता; ठेक्याच्या पाठीवर बसून नाचायचं गाणं आलं.

त्याच्या मागोमाग साऱ्या गावावर आवाज घुमला, "आवं, उठा, चा झाला!"

हशाची एक लाट पुढून मागं गेली. "आगं बया!" बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. "माजा आवाज कुनी घातला त्यात? सपने, उतर खाली, बगतेच तुला!"

"वैनी, चा कुठं हाय मग?" कुणीतरी ओरडलं.

"नवऱ्याला इचारा! त्यो उठलाय कवा अजून?"

"उठलाय," मनुअक्का म्हणाली. तिनं भावाचा हात सोडला नव्हता. दोघं हळूहळू मागं पडत होती. गाणं पुढं गेलं, धूळ खाली बसायला लागली, आणि तिच्या मुठीत धोंडिरामची बोटं हलू लागली. या वेळी तो जागा होता. त्यानं ती हलू दिली.